कारळखिंडच्या जाती

कारळखिंडच्या दूध डेअरीसमोर दोन फळे टांगलेले होते. एकावर त्या सकाळच्या दुधाचं फॅट आणि दुसऱ्यावर गावचा आकडा. दूध घालायला आलेली माणसं पहिला फळा वाचून तोंड वाकडं करायची आणि दुसरा वाचून सरळ करायची.

"तीनशे एक्केचाळीस! कालच्यापरीस दोन जास्त की गं," एक म्हातारी रिकामी किटली हलवत म्हणाली.

"वाढणारच. जालिंदर काय गप बसतोय व्हय," दुसरी म्हणाली.

पहिल्या एसटीने उतरलेली डॉ. रेवती साताळकर त्यांच्या मागे उभी राहून हे ऐकत होती. गप बसत नाही म्हणजे नेमकं काय करतो हा जालिंदर? तिच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. संशय हा रेवतीचा मूळ स्वभाव होता आणि आता तीच तिची नोकरीही होती. तिची आई म्हणायची, ही पोरगी देवळात गेली तरी आधी चप्पल नजरेसमोर राहतेय का ते बघते आणि मग देवाकडे वळते.

आकडा म्हणजे गावच्या हद्दीत किती तऱ्हेचे सजीव नांदतात त्याची मोजदाद. ती करायचं यंत्र डेअरीच्याच पत्र्यावर बसवलेलं होतं. घागरीएवढं, करड्या रंगाचं, बारीक घरघर करणारं. झाड असो की जनावर, प्रत्येक जिवाचं काही ना काही हवेत सांडत असतं. केसाचा कण, परागाची भुकटी, पंखावरचा खवला, शेणाची धूळ. त्या प्रत्येक कणात त्या जिवाच्या जनुकांचा धागा असतो. यंत्र श्वास घेतल्यासारखी हवा आत ओढायचं, कण जाळीवर धरायचं, धागा वाचायचं आणि हा चंडोल, हे कुसळी गवत, हा शेणकिडा असं एकेक नाव ओळखायचं. सरकारी नाव वायुवेचक. लोक त्याला हुंग्या म्हणायचे. माळावर चहूबाजूंना असे आणखी हुंगे उभे होते.

आकड्याला एवढा मान उगाच नव्हता. तो तीनशेच्या वर असेल आणि पडताळणीत खरा ठरला, तर गावचा माळ राखीव व्हायचा. नाहीतर पडीक जमीन म्हणून तो एका कंपनीच्या विदागाराला जाणार होता. विदागार म्हणजे जगभरची माहिती साठवणाऱ्या यंत्रांच्या लांबच लांब शेडी. कंपनीची माणसं कुंपणाच्या खुणा करूनही गेली होती.

आणि इथेच पाणी मुरत होतं. रेवतीचे वरिष्ठ डॉ. इनामदार यांनी आयुष्य घालवून एक रेषा काढली होती. जागा केवढी, उंची किती, पाऊस किती, माती कुठली एवढं सांगा, की तिथे किती जाती सापडाव्यात हे ती रेषा सांगायची. राज्यातली सगळी गावं त्या रेषेवर दोरीवरच्या कपड्यांसारखी मुकाट बसली होती. एकटं कारळखिंड तेवढं वर उडालं होतं. माणदेशातल्या त्या कोरड्या माळाला रेषेने दोनशेच्या आसपास दिले होते.

"कुणीतरी बाहेरून आणून टाकतंय," इनामदार म्हणाले होते. "जा आणि चोर धरून आणा."

तशी सवय रेवतीला होती. एका गावाने हुंग्याला सर्कशीतल्या अस्वलाचे केस चारले होते. दुसऱ्या गावाच्या डोंगरावर चक्क सुरमई आणि बांगडा सापडला, कारण उपसरपंचांनी मासळी बाजारातलं पाणी जाळीवर शिंपडलं होतं. असल्या लबाड्या धरण्याच्या तिच्या खात्याचं नाव होतं जाति-पडताळणी कक्ष. बाहेर सांगताना तिला दर वेळी जीभ चावावी लागायची. 'जाति' हा शब्द इनामदारांचा. त्यांनी 'जातिसमृद्धी' असं भारदस्त नाव योजनेला दिलं, तेव्हा रेवतीने हरकत घेतली होती. प्रजाती म्हणा ना सर, ती म्हणाली. इनामदार हसले. "अहो, विज्ञानात जात म्हणजे जात. तिथे कुठलं आलंय तसलं काही!" 'तसलं काही' हे दोन शब्द इतक्या सहज ज्याच्या तोंडून जातात, त्याला ते कधी भोगावं लागलेलं नसतं, हे रेवतीला कळत होतं.

"आल्या का मॅडम? पडताळणीच्या न्हवं?"

समोर एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस हात जोडून उभा होता. हाच सरपंच जालिंदर जगदाळे.

"जाती बघायच्या असतील," तो म्हणाला. "आधी च्या घ्या, मग घरोघरी नेतो."

"घरोघरी?"

"मग? घरातच असत्यात की त्या. समद्यांना सांगून ठिवलंय, मॅडम येनार, आज कुनी बाजारला जाऊ नगा म्हनून." मग तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक तेवढी कमी पडतीया बगा. लई हुडकली, सांगली-मिरजपातूर मानसं धाडली, पर घावंना. ती घावली म्हंजी आकडा कुठल्या कुठं जाईल."

रेवती त्याच्याकडे बघतच राहिली. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, इथे तर चोर कंदील घेऊन वाट दाखवत होता. घरोघरी जनावरं कोंडली आहेत आणि एक मिळेना म्हणून सांगलीपर्यंत शोध चाललाय!

"मी आधी माळ बघते," ती कोरडेपणाने म्हणाली. "एकटीच."

"आवं ऊन हाय. बरं, मॅडम, साताळकर म्हंजी... तुमी कंच्या म्हनायचं?"

आलाच तो प्रश्न. गाव कुठलं, कुळ कुठलं, असा चार वळणं घेत येणारा. रेवतीच्या आजोबांनी शहरात आल्यावर मूळ आडनाव टाकून साताळ या गावाचं नाव लावलं होतं, ते हाच प्रश्न चुकवण्यासाठी. पण प्रश्न चिवट. आडनाव बदललं तरी माग काढत येतोच.

"मी सजीवांतली," ती म्हणाली आणि चालू लागली.

*

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. माळावर गवत गुडघ्याला लागत होतं आणि त्यात निळी-जांभळी बारीक फुलं होती. रेवतीने प्रत्येक हुंग्याची जाळी काढली, आपली कोरी जाळी बसवली आणि मोहोर लावली. आता कुणी हात लावला तर कळणार होतं. एक रात्र आणि एक दिवस तिने वाट पाहिली. शाळेच्या खोलीत राहिली, सरपंचाच्या घरचं जेवण नको म्हणाली आणि आणलेल्या दशम्या खाल्ल्या. जालिंदर दोनदा येऊन तोंड पाडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने जाळ्या वाचायला लावल्या. हातातल्या पाटीवर नावं सरकू लागली. आता सगळे अशा काचेच्या पडद्याला पाटीच म्हणत.

आकडा आला तीनशे त्रेचाळीस.

रेवतीने पुन्हा वाचायला लावलं. तेवढाच. मोहोरा शाबूत होत्या. मग ती एकेक नाव बघू लागली, कारण लबाडीचा एक नियम असतो. लबाड माणूस झगमगीत आणतो, बाजारात मिळेल ते आणतो, दूरचं आणतो. इथे अस्वल नव्हतं, सुरमई नव्हती. जास्तीची सगळी नावं इथलीच होती, साधी, कुणाला कवडीची किंमत नसलेली. लहान बेडूक. चतुर. चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण माशी. शेणकिडे. चंडोल. फुलपाखरं. फळं-फुलं चाटणारं वटवाघूळ. जुन्या संग्रहालयांच्या नोंदींत यातलं प्रत्येक नाव या भागात होतं आणि मधल्या काळात गायब झालेलं होतं. कुणी चोरून आणलं असेल, तर त्याने पणजोबाच्या काळातून आणलं होतं.

तिने ती नावं नकाशावर टाकली. कुठल्या हुंग्याला किती दाट सापडली, तसतसा ठिपका गडद. ठिपके विखुरले नाहीत. त्यांची चार वर्तुळं झाली. प्रत्येक वर्तुळ कशाच्या तरी भोवती फिरत होतं आणि चारही मध्यबिंदू ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या वाऱ्याखाली होते.

तिने पायात बूट चढवले आणि सगळ्यात गडद मध्यबिंदूकडे निघाली.

तिथे एक घर होतं. नवंच, पण बुटकं. पुढे भट्टी, भट्टीमागे चिकणमाती काढून काढून झालेले खड्डे आणि खड्ड्यांत पाणी. त्या पाण्यावर चतुर घिरट्या घालत होते. भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारणीची मातीची घरटी ओळीने चिकटली होती. एक चाळिशीची बाई मडक्यांना थापटणं देत बसली होती आणि आत वीस-एक वर्षांची मुलगी विजेच्या चाकावर बसली होती.

"या बसा," बाई म्हणाली. "मी शालन. ती माझी पल्लवी. पडताळनी करा, पर चाक बंद हाय असं लिहू नगा. वीज गेल्ती मगाशी, म्हनून थांबलं हुतं जरासं."

"चाक बंद असलं तर काय होतं?"

"काय व्हतं म्हंजी? जागा काढून घेत्यात की. तसं ठरलंय. चाक फिरलं तर जात मोजनार, न्हाय तर न्हाय."

रेवती हळूच खाली बसली. "शालनताई, मला पहिल्यापासून सांगाल?"

शालनने सांगितलं, थापटणं न थांबवता. तिच्या सासऱ्याने हे गाव कधीच सोडलं होतं. प्लास्टिक आलं, मडकं कुणी घेईना आणि आडावर पाणी शेवटी मिळायचं ते वेगळंच. इचलकरंजीत सगळे मागावर कामाला लागले. दोन वर्षांमागे एक दिवस हा जालिंदर दारात उभा. "आमच्या उंबऱ्यात! सासू जित्ती असती तर आकडी येऊन पडली असती. म्हनला, गावाला परत चला, जागा देतो, घर बांधून देतो, शाळंचं अंगनवाडीचं समदं पानी तुमच्याच माठात. फकस्त आपलं काम करा. ह्यांचा हात मागात गेलाय, मग पोरगी चाक धरती. बाईनं चाकाला शिवू नये म्हनत्यात, पर सरपंच म्हनला शिवा, काय बी करा, चाक फिरलं पायजे."

"आणि बाकीची घरं?"

"त्ये बी तसंच आणल्यात. मेंढरंवालं धनगर वरच्या अंगाला. फुलमाळी. आन् पल्याड मांगाचं घर, दोर वळतंय. घायपात लावलाय त्यानं बांधाला." शालन थांबली. "मॅडम, जातीच मोजायला आलाय न्हवं तुमी?"

रेवतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोटातून हसू उसळलं आणि ती हसत सुटली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. शालन बघत राहिली आणि मग तीही कारण न कळता हसली. आतली पल्लवी मात्र हसली नाही.

ध चा मा झाला होता. नव्हे, ध चा ध च राहिला होता आणि त्यातच सगळा घोळ होता.

*

"साहेब सोता बोललं, माइकवर!" जालिंदर चावडीच्या पायरीवर बसून तावातावाने सांगत होता. इनामदार योजनेच्या उद्घाटनाला इथे येऊन गेले होते, हे रेवती विसरलीच होती. "म्हनलं, ज्या गावात जास्ती जाती, त्येच गाव श्रीमंत. ज्या जाती गाव सोडून गेल्या त्यांना परत आना, हक्काची जागा द्या, त्यांचा मूळचा उद्योग त्यांना करू द्या. आता ह्यापरीस सरळ कसं सांगायचं असतं?"

"ते बेडकांबद्दल बोलत होते, अण्णा."

"बेडकांबद्दल?"

"बेडूक, पाखरं, गवतं. शास्त्रात त्यांना जाती म्हणतात."

जालिंदरने पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा घातला. "आयला," तो शेवटी म्हणाला. "मी इचलकरंजीतनं मानसं उचलून आणली की वो. आमाला वाटलं, हुंग्या मानसांचा वास घेतो. कुंभाराला मातीचा, धनगराला मेंढराचा. म्हनून तर चाक थांबू देत न्हाय. वास यायला पायजे की."

"माणसं तो एकच धरतो," रेवती म्हणाली. "तुम्ही, शालनताई, मी, सगळ्या गावाची मिळून एक. माझ्या आजच्या तीनशे त्रेचाळीसांतली एक."

"समद्यांची एक? हुंग्याला आमच्यातला फरकच कळंना व्हय?"

"नाहीच आहे तर कळेल कुठून?"

जालिंदरने डेअरीच्या दिशेने पाहिलं. पत्र्यावरचं यंत्र घरघरत होतं. मग तो रेवतीकडे वळला. "मग आकडा कसा काय वाढला?"

करायला गेला मारुती आणि झाला गणपती, असला प्रकार होता. रेवतीने काडी घेतली आणि धुळीत माळ काढला. सगळा माळ एकसारखा असला, की एकसारखेच जीव राहतात. इनामदारांची रेषा एकसारख्या, ओसाड पडलेल्या माळांवरच घडली होती, तिला दुसरं काही दिसलंच नव्हतं. इथे एकाने माती काढली, खळगे झाले, बेडूक आले. एकाची मेंढरं फिरली, गवत आखूड झालं, चंडोलाला घरट्याला जागा झाली, लेंड्यांवर शेणकिडे आले. फुलांवर फुलपाखरं. घायपाताला तुरा आला त्यावर वटवाघूळ. निरनिराळे हात फिरले, की निरनिराळे खाचखळगे होतात आणि प्रत्येक खळग्यात कुणीतरी राहायला येतंच. "जातीने नाही, अण्णा. कामाने."

"त्येच की," जालिंदर म्हणाला. "आमच्यात कामालाच जात म्हनत्यात."

रेवतीला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं आणि त्याच वेळी कळलं, की तो कुचेष्टा करत नाहीये. तो साधं खरं सांगत होता. तिने ओढ्यापलीकडे बघितलं. चारही घरं वाऱ्याखाली, जिकडून वारा गावात येत नाही त्या बाजूला. त्यांच्यासाठी एक वेगळा नळ, नवा, चकचकीत.

"तो नळ वेगळा का?"

"सोय म्हनून, मॅडम." त्याची नजर पटकन खाली गेली. "जुन्या लोकांसाटी इवढं तरी पाळाय लागतंय... आमी आणलं की त्यांना. पाया पडून आणलं."

म्हणजे माणसं परत आली होती आणि त्यांच्याबरोबर सगळंच परत आलं होतं, बेडूक, वटवाघूळ आणि ओढ्यापलीकडचा नळही. हुंग्याला फक्त बेडूक कळत होते.

"आन् एक जात कमी पडतीया म्हनलो, ती ह्यो बगा." जालिंदरने बोट दाखवलं. ओढ्याकाठी कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट माजलं होतं, वाळून गुंतलेलं, वर्षानुवर्षं कोयता न लागलेलं. "बुरूड. सूप-टोपली करनारा. लई हुडकला, पर बुरूडाची पोरं शिकली, शेहरात गेली, आडनावं बदलून बसली. घावायची कशी?"

रेवतीच्या हातातली काडी धुळीत थांबली. आजोबांच्या हातांवरच्या कळकाच्या चिरा तिला आठवल्या, ओल्या कामट्यांचा वास आठवला आणि आजोबांचं ते एकच वाक्य, पोरी, सूप वापर, पण ते करायला आपल्या घराला येतं असं कुणाला म्हणू नको. समोरचा माणूस सांगलीपर्यंत जिला शोधत होता, ती जात त्याच्यासमोर बसून धुळीत रेघा काढत होती.

"नाही मिळायची," ती म्हणाली.

*

"आकडा खरा आहे, सर," तिने संध्याकाळी शाळेच्या पायरीवरून फोन केला. "लबाडी नाही."

"मग कारण द्या," इनामदार म्हणाले. "कारण नसलेला आकडा संशयित, हा नियम तुम्हाला मी सांगायला नको. संशयित गाव यादीतून बाद. कंपनीचा माणूस रोज फोन करतोय मला."

रेवतीने सांगायचं टाळलं, आडवळणं घेतली, खळगे म्हणाली, चराई म्हणाली. पण इनामदार काही दूधखुळे नव्हते. एकेक प्रश्न विचारत त्यांनी सगळं काढून घेतलं आणि मग त्यांचा आवाज उजळला.

"म्हणजे गावगाडा! रेवती, तुम्हाला कळतंय का तुमच्या हाती काय लागलंय? माझ्या रेषेत उंची आहे, पाऊस आहे, फक्त माणूस राहिला होता. आता तोही बसेल. तुम्ही एवढंच लिहा, की या कुटुंबांच्या पारंपरिक कामामुळे जाती टिकल्या. पुढचं मी बघतो. माळाला संरक्षण देऊ, घरांना देऊ. अट एकच, कुटुंबं जागेवर राहायला हवीत आणि काम चालू राहायला हवं. सगळ्या राज्यात करता येईल हे."

"सर, खळगे यंत्रानेही खणता येतील."

"आणि रोज राखणार कोण? यंत्र? अहो, तो त्यांच्या रक्तातला व्यवसाय आहे. आपण त्यांचा सन्मानच करतोय की!"

पुण्यातल्या खुर्चीवर बसून हे म्हणणं सोपं होतं. उंटावर बसलेल्याला शेळ्या हाकताना कुठल्या शेळीच्या पायात काटा आहे ते दिसत नाही. रेवतीने फोन ठेवला, कारण अजून एक वाक्य ऐकलं असतं तर ती नोकरी गमावेल असं बोलली असती.

पाटीवर अहवाल उघडाच होता. कारणाचा रकाना रिकामा. तिने लबाडी लिहिली तर माळ जाणार आणि पलीकडची घरं दुसऱ्यांदा उठणार. काहीच लिहिलं नाही तरी तेच. आणि खरं लिहिलं तर घरं वाचणार, पण चाक थांबवायची सोय कायमची संपणार. आज जालिंदरने तोंडी घातलेली अट उद्या सरकारी शिक्क्याची होणार. कोण म्हणतं सत्य माणसाला सोडवतं? इथे ते दावं घेऊनच आलं होतं.

पाटीने न विचारताच एक नवा नकाशा पुढे केला. चार वर्तुळं आणि प्रत्येकाखाली एक आकडा. ते केंद्र वगळलं तर गावातल्या किती जाती नाहीशा होतील, याचा अंदाज. कुंभाराच्या घराखाली मोठा आकडा होता. तो वजा केला तर गाव तीनशेच्या खाली जात होतं. आणि ओढ्याकाठी कळकाच्या बेटापाशी एक पाचवं वर्तुळ ठिपक्यांनी काढलेलं होतं. रिकामं. त्याखाली लिहिलं होतं, 'येथे केंद्र अपेक्षित.'

रेवतीने पाटी पालथी घातली.

"मॅडम, च्या."

पल्लवी पायरीपाशी उभी होती. हातात मातीचे दोन पेले, मनगटावर वाळलेला चिखल. शेजारी बसून तिने स्वतःचा पेला तोंडाला लावला. खळग्यांतून बेडकांचा आवाज सुरू झाला होता.

"मला कोल्हापुरात प्रवेश मिळालाय," पल्लवी म्हणाली. "रक्ततपासणीचा कोर्स. आईला माहितीये. सरपंचांना अजून सांगितलं नाही. दिवाळीनंतर जायचंय."

"जा," रेवती म्हणाली. तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "खुशाल जा. कुणालाही विचारू नकोस. माझ्या आजोबांनी विचारलं नव्हतं."

"कोण होते तुमचे आजोबा?"

एवढ्या वर्षांत तो शब्द रेवतीच्या तोंडून बाहेरच्या माणसासमोर कधी निघाला नव्हता. "बुरूड," ती म्हणाली. "साताळचे. एका रात्रीत सगळं टाकून गेले. म्हणून मी इथे मॅडम होऊन मोजायला आलेय."

पल्लवीने ओढ्याकाठच्या त्या वाळक्या बेटाकडे पाहिलं, मग पालथ्या पाटीकडे. तिचा चेहरा शांत होता. तिने सगळं ऐकलं होतं, रेवती आईबरोबर हसत होती तेव्हाही आणि आत्ता फोनवर बोलत होती तेव्हाही.

"तुमचे आजोबा गेले तेव्हा साताळातलं किती काय गेलं असेल, ते कुणी मोजलं नव्हतं," ती म्हणाली. "बरं झालं. माणूस मोकळा गेला. आता मोजतात." तिने पेला खाली ठेवला. "खरं सांगा मॅडम. मी गेले, तर किती जाती जातील?"